गुणगुणण्याचा आईने सांगितलेला अर्थ

जामसंडे

प्रिय अनुजा,

तुझ्या वर्गातल्या मुलांना सांगायला म्हणून, ‘गुणगुणणे’ हा शब्द कुठून आला, असं तू फोनवर विचारलं होतंस. उत्तराला फार उशीर झाला. कोशात पाहिलं. भुंग्याचा आवाज तीच गुणगुण. आवाजावरूनच शब्द झाला, एवढंच तिथे आहे. तुझ्या आईला ते पटलं नाही. पेंढ्यात आंबे लावत बसली होती, तिथूनच म्हणाली, “भुंगो खंयचो? तापान फणफणलेल्या पोराक मांडयेर घेवन तोंडातल्या तोंडात म्हटला, की गुण येता. म्हणान ता गुणगुणणा.” मी हसलो. अभ्यासकांना हे चालणार नाही. पण तुझा ताप असा उतरताना मी पाहिलाय, तेव्हा मुलांना दोन्ही अर्थ सांग.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की तिचा आवाज घोगरा लागतोय. पेंढ्याची धूळ गेली असेल, म्हणाली. काढे झाले, गुळण्या झाल्या, देवगडच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. कशाचाच गुण आला नाही. शेवटी कोल्हापूरला नेलं. घशात गाठ आहे, अनू, आणि ती चांगली नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज मात्र परत यायचा नाही. ती लगेच ‘करूया’ म्हणाली. मीच खुर्चीला धरून बसलो होतो. परतताना वैभववाडीला चहा घेतला, तेव्हा एवढंच बोलली, “अनुजाक सांगू नको. सातवो महिनो आसा तिचो.” तू बाळंतपणाला येण्याआधी सगळं उरकून टाकायचं, असा तिचा बेत आहे.

आता रोज दुपारी मागच्या पडवीत ती मला शिकवायला बसते. तू ज्या ओव्यांवर झोपायचीस, त्यांची चाल. नातवंडाला निजवायला घरात कोणाला तरी यायला हवी ना! मी कसा गातो ते तुला ठाऊक आहे. भजनात माझ्या हातात नुसती झांज देत. पहिली ओळ कशीबशी धरतो, दुसरीला सुटते. ती हसते आणि पुन्हा सुरू करते. फोनवर आवाज भरून ठेवूया म्हटलं, तर म्हणाली, “फोन पोराक मांडयेर घेतलो काय?” काल मध्येच तिचा आवाज फुटेना. ओठ हलत राहिले. मी विहिरीचा पंप बघायचं निमित्त करून उठलो आणि तिकडेच उभा राहिलो.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन आहे. फोनवर हे सांगता येत नाही. ती समोरच असते. तिला दिलेला शब्द मोडून लिहितोय. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. प्रवास चालेल म्हणाल्या, तर त्याआधी ये. नसेल जमत, तर रोज दुपारी फोन कर, आणि काही कळल्याचं न दाखवता, बाळासाठी म्हणून तिला त्या ओव्या म्हणायला लाव. ती चाल तुझ्या अंगात कुठेतरी असेलच. मला ती धरून ठेवता येत नाही, अनू. खूप करून बघितलं, येत नाही.

वाट बघणारा,
तुझाच बाबा