सुतळीची गाठ

सेलू, १२ नोव्हेंबर १९८६, बुधवार

वाचनालयातल्या मासिकात परदेशी शर्यतीच्या मोटारीबद्दल वाचलं, ते डोक्यातून जात नाही. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर असतो. म्हणून चारही टायर एका मापाचे, सारखेच झिजलेले लागतात. एकाचा घेर जरा कमी पडला तर आत गिअरचे दाते एकमेकांना खातात. एवढी पळणारी गाडी, आणि काळीज इतकं नाजूक.

आपली जीपही चिखलात चारही चाकांनी ओढते. तिच्या भाड्यावर घर चालतं. काल तिचा एक टायर फुटला. आज धाकटे भावजी कुठूनसा मोठ्या मापाचा घेऊन आले. मी नको म्हटलं.

"वैनी, गोल हाय, फिरायलाय. आणखी काय पायजे?"

मी जॅक लावायला सांगून उरलेल्या तीनपैकी एका टायरभोवती सुतळी धरली, घेर पुरा झाला तिथं गाठ मारली आणि तीच सुतळी बाकी दोघांना लावली. गाठ एकाच जागी आली. मग मागची स्टेपनी मोजली. तिथंही गाठ तीच. भावजींनी स्टेपनी चढवली.

हे होते तेव्हा दर दसऱ्याला चाकांच्या जागा बदलायचे, स्टेपनीसुद्धा फिरवायचे, आणि मग पूजा. मला तो पूजेचाच भाग वाटायचा. ते गेल्यावरही मी दर दसऱ्याला तसंच करून घेतलं. पाचही टायर सारखे झिजावेत म्हणून होतं तर ते. त्यांनी सांगितलं कसं नाही? पण मी तरी कधी विचारलं?

सुतळी खुंटीला टांगली आहे. गाठ सोडवत नाही.