झाडाला रंगाचे तीन हात

४ मार्च
पुढच्या खोलीच्या खिडकीबाहेरचं झाड फुललं. गुलाबी. आजपासून जलरंग शिकतो आहे.

कारण लिहून ठेवतो. दादाच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं, आता चाललंच पाहिजे. पडून राहिला तर कायमचा पडून राहील. पहिल्याच दिवशी वॉकर घेऊन उभा राहिला आणि पडता पडता वाचला. तेव्हापासून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. व्यायामवाल्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, तेव्हा झोपेचं सोंग घेतो. आज घोरलासुद्धा.

तो वसंताकडे जात नसेल तर वसंत त्याच्याकडे न्यायचा. चित्राने उमेद येते. आठवड्याचं काम. रंगाच्या दुकानात शेड बनवण्यात माझी बावीस वर्षं गेली. गिऱ्हाईक पडद्याची चिंधी आणतं, मी तोच रंग डब्यात भरून देतो. जलरंग म्हणजे तेच, फक्त डबा लहान.

वहिनी म्हणाल्या, भावोजी, मोबाइलवर फोटो काढून दाखवा की. मी म्हटलं, फोटोत उमेद नसते.

९ मार्च
रविवारचा क्लास. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, कागद कोरा सोडायचा, उजेड तोच. मी नम्रपणे सांगितलं, आमच्या धंद्यात भिंत कोरी सुटली तर गिऱ्हाईक परत बोलावतं. नंतर बाई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. बहुधा मला प्रगत समजतात.

११ मार्च
पहिलं चित्र. दुकानाच्या शिस्तीने केलं. रंगाचा एक हात मारला, वाळू दिला. दुसरा हात. तरी पातळ वाटलं. तिसरा. गुलाबीखालचा हिरवा वर आला. झाड ओल्या पोत्याच्या रंगाचं झालं.

दादाला दाखवलं. बराच वेळ बघून त्याने विचारलं, कुणाला लागलं का? मी म्हटलं, कशात? तो म्हणाला, हा अॅक्सिडेंट आहे ना?

विनोद सुचतो आहे. शुभलक्षण.

१४ मार्च
दोष कागदाचा होता. जाड आणला. गुलाबी अचूक हवा म्हणून पाकळी तोडून शेडकार्डाला लावली. जुळली. रंग कालवेपर्यंत पाकळी तपकिरी. दुसरी आणली, तीही. रंग दुकानातल्यासारखा स्थिर का राहत नाही, कळत नाही.

व्यायामवाल्या बाई जाताना म्हणाल्या, आणखी दोन आठवडे असेच गेले तर अवघड आहे. मी म्हटलं, रविवारपर्यंत चित्र होतंय. त्या चपला घालून निघाल्या. निर्धास्त झाल्या असाव्यात.

१६ मार्च
क्लासमध्ये अंगणातलं झाड काढायचं होतं. बाई म्हणाल्या, तुम्ही झाडाकडे बघतच नाही. बघितलं. तेवढ्यात कागदावरचं आकाश ओघळून कुंपणात गेलं.

१९ मार्च, सकाळी ६
वारा. अर्धी फुलं रस्त्यावर. इतकी घाई कशाला. झाडाने थोडं थांबायला हवं होतं.

२१ मार्च
सहावं चित्र दादाच्या तोंडासमोर भिंतीवर चिकटवलं. म्हणाला, हे काढ. मी म्हटलं, हे लांबून बघायचं असतं. तो म्हणाला, मला चालता येत असतं तर केव्हाच लांब गेलो असतो. वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

संध्याकाळी बघतो तर दादा दाराकडे तोंड करून झोपलेला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कूस बदलली. चित्राचा परिणाम.

२३ मार्च
क्लास सोडला. बाईंनी अडवलं नाही. उलट दार उघडून दिलं.

२५ मार्च
आज दादा घोरला नाही. व्यायामवाल्या बाईंना सरळ म्हणाला, आता राहू द्या. त्या अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत गेल्या. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. घासलेलीच पुन्हा.

दुकानात दोन शेड चुकल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. घरी आल्यावर ब्रश धुतला, पुन्हा धुतला. कागद कोराच राहिला.

२७ मार्च
रडत बसून भागणार नाही. झाडावर आता नुसती पानं आहेत. हरकत नाही. फुलं आठवणीतून काढीन. समोरचं झाड मध्ये मध्ये करतं म्हणून खिडकी लावून घेतली.

२८ मार्च
अकरावं चित्र. आतापर्यंतचं सर्वोत्तम. व्यायामवाल्या बाई आलेल्या असतानाच घेऊन गेलो, साक्षीदार हवा म्हणून. दादाने बघितलं. डोळे मिटले. उघडले. मग बाईंना म्हणाला, वॉकर द्या.

बाईंनी विचारलं, आज कसं काय? दादा म्हणाला, हा काही थांबायचा नाही. एकदा झाड बघून येतो, म्हणजे ते कसं दिसतं हे याला सांगता तरी येईल.

वाटेत दोनदा थांबला. एकदा मला शिवी दिली. वहिनी पुढे उलट्या चालत होत्या, हात पसरून, त्याला न शिवता. पुढच्या खोलीत आल्यावर खिडकी मीच उघडली. दादा चौकट धरून उभा राहिला. पाय लटपटत होते, पण उभा. मी शेजारी चित्र धरलं.

बराच वेळ त्याने बाहेर बघितलं. मग चित्राकडे. पुन्हा बाहेर.

म्हणाला, झाड छान आहे रे. तू काढत होतास ते कुठाय?

खिडकीबाहेर झाड एकच आहे.