माथी मारलेला रोग

नागपूर, १९५६

प्रिय गुणवंता,

तुझा निरोप आला, ताईला तूप पाठवू काय म्हणून. तूप नको. तुझ्या भाऊजींना लावलेला डाग तेवढा पुसून दे. कसला ते सांगते, मध्येच उठून जाऊ नकोस, तुझी ती खोड जुनी आहे.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एका पांढऱ्या पेशीनं दुसरीचा गाभा गिळलेला दिसला. म्हणजे माझं रक्त माझ्याच अंगावर उलटलंय. सांधे धरणं, धानाच्या रोवणीच्या उन्हात गालांवर उठणारे लाल चट्टे, दोनदा पोट पडणं, सगळं त्याचंच. चांद्याला माझ्या रक्ताच्या तपासणीत गरमी, तो बाहेरख्यालीपणाचा रोग, निघाली होती, हे मी लाजत सांगितलं. बाई म्हणाल्या, या रोगात ती तपासणी कित्येकदा खोटीच निघते, नुसता कागद वाचून रोग ठरवायचा नसतो, माणूसही बघायचा असतो.

तू बघितलास माणूस? चार बुकं शिकलेला तू, कागद नाचवत घरी आलास. आलापल्लीच्या लाकूड डेपोवर राहणारा नवरा, म्हणजे बाहेरून रोग आणणारच, एवढी तुझी अक्कल. त्यांनी मार्कंड्याच्या महादेवाची आण घेतली. "गुणवंता, मी कुठीच गेलो नाई. माह्यं रक्त तपासून घे." ते कोणी तपासलं नाही. तू पंच बसवलेस आणि काडीमोडीची काडी स्वतः त्यांच्या हातात दिलीस. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आता डेपोवर त्यांचं ताट वेगळं आणि गावात तू बहिणीला वाचवणारा भाऊ. कशातून वाचवलंस रे मला? जळो तुझं ते शहाणपण!

मी त्यांना एकदा येऊन जा म्हणून कळवलं होतं. उत्तर आलं, "येतो. पण ज्या पंचांपुढं मले गरमीवाला म्हटलं, त्याच पंचांपुढं गुणवंतानं ते खोटं होतं म्हणावं." खरंच आहे त्यांचं. माझी मूत्रपिंडं सुजली आहेत. पावसाळ्यानंतरचं विचारलं, तर बाई दुसरंच बोलायला लागल्या. तेव्हा लवकर पंच बोलाव. मला बघायला मात्र येऊ नकोस, मला त्यांना बघायचं आहे.

अजून तरी तुझीच ताई,
कमळा