पोफळींचं पाणी

८ एप्रिल, अबू हलीफा, कुवेत
आज फोटोत पट्टीचा खालचा लाल भाग उघडा पडलेला! गेल्या रजेत गावी, कुडाळजवळ, आमच्या नदीच्या बंधाऱ्याला मी मोजपट्टी लावून आले. तेव्हापासून बाबा रोज सकाळी तिचा फोटो पाठवतात. खाली एक ओळ — "पाणी बरा आसा." आज नुसता फोटो.

९ एप्रिल
ऑफिसात दिवसभर परक्या नद्यांचं काम — किती पाणी येईल, कधी आटेल. जेवणाच्या सुट्टीत आमच्या नदीचं गणित मांडलं. मेच्या मध्याला काठावरची विहीर कोरडी पडणार. वरच्या वाडीला प्यायला तेवढीच विहीर. बागांचे नदीवरचे पंप आत्ताच बंद केले, तर मात्र पावसापर्यंत पुरेल.
सगळ्यांत मोठा पंप बाबांचा.
शेजारच्या टेबलावरच्या अशरफभाईंना तपासायला दिलं. ते दापोलीचे. म्हणाले, "बरोबर आहे गं. चूक सापडावी म्हणूनच बघत होतो."

११ एप्रिल, शुक्रवार
सुट्टी. तरी फोन केला नाही. पंप बंद म्हणजे सुपारीच्या बागेतल्या अर्ध्या पोफळी तरी जातील. आई गेल्यापासून बाबा घरात कमी, बागेतच जास्त. आणि हे त्यांना मी सांगायचं? मीच?
भांडी घासताना नळ तसाच वाहत राहिला. इथलं पाणी समुद्राचं, गोड केलेलं — कुठल्या वाडीच्या वाटणीचं नाही. तरी लाज वाटली.

१२ एप्रिल
सांगितलं! बाबांनी एवढंच विचारलं — "तुझा गणित चुकाचा नाय मां?"
"नाही बाबा. पाऊस लवकर आला तरच."
"बरा. झाडां परत लावक येतत."
मला रडूच आलं. तर तेच समजूत काढतात — "गो बाय, रडतंस कित्याक? सांगलंस ता बरा केलंस."

१४ एप्रिल
सरपंच अर्चनावहिनींचा फोन. पंपांसाठी बोलावलेल्या गावबैठकीत बाबाच आधी उठले — "माझो पंप आजपासून बंद." मग बाकीच्यांना नाही म्हणवेना.

६ मे
पाणी टिकून आहे. गणितापेक्षा किंचित वरच! बाबांकडे बागेचा फोटो मागितला. पाठवला नाही.

१० मे
किती वर्षं बाबांना इकडे बोलावतेय. दर वेळी एकच — "बागेक पाणी कोण लावतलो?" आज फोटोऐवजी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "पट्टी अर्चना बघतली. बागेत आता माका काय काम नाय. तिकीट काढ. येतंय."