मुलगी काय करते, ते लिहून मिळणेबाबत

प्रति,
माननीय विशेष दाखला अधिकारी साहेब,
दाखला कचेरी, वर्धा.

विषय : कु. कांता तानबा ताकसांडे, सीनियर केंब्रिज पास, हिला दिलेल्या दाखल्यात एक तरी होकारी वाक्य घालून मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपला चारित्र्याचा दाखला. (२) त्यावर अमेरिकेहून आलेले पत्र. (३) माझी तोंडी विनंती, जी मधुकररावांनी अर्धी ऐकली.

महोदय,

मी भागीरथा तानबा ताकसांडे, विधवा, मिशनच्या दवाखान्यात दाई, राहणार वर्धा, स्वतःच्या हाताने लिहून सविनय अर्ज करते की :

१. माझी मुलगी कांता मिशनच्या खर्चाने डोंगरावरच्या इंग्रजी शाळेत शिकली. तिथे मॅट्रिकच्या जागी सीनियर केंब्रिज असते. पेपर विलायतेहून येतात आणि तपासायला विलायतेलाच जातात. कांता त्यात पहिल्या वर्गात पास आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. शाळेच्या बाईंनी सांगितले म्हणून तिने अमेरिकेतल्या तीन नामांकित विद्यापीठांना अर्ज केले. एकाने कळवले की सीनियर केंब्रिज म्हणजे काय ते आम्हास ठाऊक नाही. दुसऱ्याने उत्तरच दिले नाही. तिसरे मात्र फी, राहणे, जेवण सगळे माफ करायला तयार आहे. त्यांची एकच शंका आहे आणि तिचे उत्तर एप्रिलअखेर त्यांच्या हातात पडले नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल.

२. शंका अशी. "आमच्याकडे आलेल्या तीनही पत्रांत ही मुलगी काय करीत नाही, एवढेच लिहिले आहे. ती काय करते, ते कळवावे." साहेब, यात त्यांचे चुकले नाही. पहिले पत्र शाळेच्या मोठ्या बाईंचे. त्यांनी लिहिले की कांताविषयी तक्रारीस जागा सापडली नाही. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मिस म्हणतात की इंग्लंडात याच्यापुढे स्तुतीच नसते. पण अमेरिकेला ते कोण सांगणार? मोठ्या बाई नोकरी सोडून मायदेशी गेल्या, पत्ता नाही. दुसरे पत्र आई म्हणून माझे. मी लिहिले, पोरगी साधी आहे, उलट बोलत नाही. आपल्याकडे आई याहून जास्त लिहीत नाही, नजर लागते. तिसरे आपले. "सदर मुलीविरुद्ध या कचेरीत काही नोंद नाही." वाचणाऱ्याला वाटेल, कचेरीने शोधले पुष्कळ, हाती लागले नाही.

३. म्हणून मी आपल्या कचेरीत आले. आपले हेडक्लार्क मधुकरराव यांनी कांताचे सर्टिफिकेट उलटसुलट पाहिले. त्यात प्रत्येक विषयापुढे आकडा असतो. एक म्हणजे सर्वांत वर आणि नऊ म्हणजे नापास. कांताला इंग्रजीत एक, गणितात एक, शास्त्रात दोन. मधुकरराव सर्वांदेखत म्हणाले, "बाई, आमच्या पोराले, गुलाबले, बेचाळीस मार्क पडले तरी तो घरीच बसून राह्यला, अन् तुमची एक मार्कवाली अमेरिकेले कशी जाईन?" मी आकड्यांचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, एक म्हणजे एकच, विलायतेत काय वेगळा असते काय? आणि माझ्या कागदावर त्यांनी शेरा मारला, "मुलगी नापास, सबब विचाराची जरुरी नाही." हा शेरा आधी खोडावा. पोर रात्रंदिवस अभ्यास करून पहिल्या वर्गात आली आणि इथे सरकारी शाईने नापास झाली, याचा मला राग आहे आणि तो मी झाकत नाही.

४. नंतर मधुकररावांनी समजावले की जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, चारित्र्याचा असे सगळे नमुने छापील आहेत. "चांगलं लिहाचा नमुना नाई, बाई. वाईट नसल्याचा आहे." मी आपल्या दारापर्यंत गेले. आपण फायलीतून मान वर न करता म्हणालात, "स्वतः पाहिल्याशिवाय सरकारी अधिकारी लिहीत नसतो." विद्यापीठाचेही म्हणणे तंतोतंत हेच आहे. लिहिणारा नात्याचा नको, शाळेचा नको, मिशनचा नको. सरकारी हुद्द्याचा असावा आणि त्याने मुलीला काम करताना स्वतः पाहिलेले असावे. असा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच आहे.

५. आपण विसरला नसाल, तरी लिहिते. मागच्या वर्षी जानेवारीत आपल्या सौभाग्यवती सुलोचनाबाई आमच्या दवाखान्यात अडल्या होत्या. मूल आडवे होते. डॉक्टर मिस नुकत्याच विलायतेहून आलेल्या, त्यांना मराठीचा शब्द येत नव्हता. दुभाषी नर्स रजेवर होती. बाई घाबरून नको तेव्हा जोर करीत होत्या आणि मिस इंग्रजीत ओरडत होत्या. माझे इंग्रजी कापूस, कात्री आणि गरम पाणी इतकेच. कांता परीक्षा देऊन घरी आली होती, तिला मी हाक मारली. तिने बाईंचा हात धरला आणि सांगितले, "बाई, आता जोर नोका लावू. मी म्हणन तवाच लावजा." दुपारभर तिने मिसचे बाईंना सांगितले आणि बाईंचे मिसना. एकदाही चुकली नाही, एकदाही हात सोडला नाही. आपण व्हरांड्यात होतात आणि दार उघडे होते.

६. मूल रडले तेव्हा आपण आत येऊन कांताला म्हणालात, "पोरी, तू होतीस म्हणून दोघी वाचल्या." मग आपल्या मातोश्रींनी विचारले, "कोनाची पोर आहे हे?" कांताने सांगितले, "आम्ही बौद्ध." त्याआधीच्याच दसऱ्याला आम्ही नागपुरास दीक्षा घेतली होती. मातोश्रींनी बाळाला पुन्हा आंघोळ घालायला लावली. आपण खिडकीतून बाहेर बघत राहिलात. त्याची तक्रार मी तेव्हा केली नाही, आजही या अर्जाचा तो विषय नाही.

७. मला नवीन काही लिहून नको. आपण बोललात तेच वाक्य सही-शिक्क्यानिशी हवे. ते लिहिले की कांता त्या खोलीत होती, बाईंचा हात तिच्या हातात होता, हेही लिहावे लागते. आपली लेखणी तिथेच अडते, हे मला समजते. मलाही एक वाक्य अवघड जात होते, ते आज लिहिते. माझी कांता फार हुशार आहे. लिहिले, आणि नजर लागली नाही.

८. तरीही अर्ज नामंजूर करणे असल्यास, कांता ताकसांडे त्या दिवशी त्या खोलीत नव्हती, असे आपल्या सहीने लिहून द्यावे. मी ते पत्रसुद्धा अमेरिकेला पाठवीन.

उत्तर हातोहात मिळावे. विमानाच्या टपालालाही दिवस लागतात, म्हणून मी कचेरीच्या पायरीवर बसून आहे.

आपली नम्र,
भागीरथा तानबा ताकसांडे
वर्धा, दि. ९ एप्रिल १९५८

सोबत : (१) सीनियर केंब्रिज सर्टिफिकेटची नक्कल, आकड्यांच्या अर्थासह. (२) विद्यापीठाचे पत्र व कांताने केलेले त्याचे मराठी. (३) कोरा कागद एक.

प्रत माहितीसाठी : सौ. सुलोचनाबाई, साहेबांचा बंगला. त्या खोलीत होत्या.