कूलरमधलं पिल्लू

९ एप्रिल, बुधवार
आबांना दोन दिवसांपासून उकाडा सोसत नाही, म्हणून गॅलरीतल्या कूलरची मागची जाळी उघडली. गवत बदलायचं होतं. आत काड्या, तारेचे तुकडे आणि कबुतराचं पिल्लू. शेजारी एक अंडं, थंडगार. पिल्लाचे डोळे उघडलेले, अंगावर पिवळे केस, पंखांच्या जागी निळसर काटे. म्हणजे आठ दिवसांचं. फार तर नऊ.
मंगल म्हणाली, "राहू द्या हो थोडे दिवस, पंख्यावर भागवू."
जळगावच्या एप्रिलात, वडील अठ्ठ्याहत्तरचे, पंख्यावर? पिल्लू बुटाच्या खोक्यात घेतलं. दुपारी १ ला कूलर सुरू. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही. तेव्हा आता जबाबदारी माझी.
दुकानातून लहान वजनकाटा आणला. मीच दुरुस्त केलेला, अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. वजन १०४ ग्रॅम.

१० एप्रिल, गुरु.
हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून. कोमट. सिरिंजचं टोक कापलं, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मध्ये चीर. पिल्लू चिरेत चोच खुपसून ओढतं. ही युक्ती कोणी शिकवलेली नाही, बसून काढली. दर दोन तासांनी ५ मिली. तक्ता फ्रिजवर चिकटवला.
मंगलने वाचला. "आपल्या पोरीच्या वेळी असा तक्ता नव्हता."
तक्त्याचा सुटलेला कोपरा परत चिकटवला.
दोन कबुतरं सारखी कठड्यावर. घाण करतात. काठीने हाकलली, परत येतात.
वजन १०३.

११ एप्रिल, शुक्र.
वजन ९९. गळ्याखालची पिशवी सकाळीही भरलेली, बोटाला ओल्या कणकेसारखी लागते. कालचं जिरलेलंच नाही. तरी ८ वाजले म्हणून ५ मिली दिलं. नको होतं द्यायला. १० चं टाळलं, नुसतं कोमट पाणी.
आबा पलंगावरून बघत होते. "त्यानी माय तठे बशेल शे. तू तिले कसाले हाकलस?"
माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लू टाकतात, असं समजावलं.
"कोनी सांगं तुले?"
कोणी सांगितलं ते आठवेना. सगळ्यांना माहीत असतं ते.

१२ एप्रिल, शनि.
स. ६. वजन ९५. मान टाकतंय. आजच धुळ्याला जाणं भाग, व्यापाऱ्याचे तीन काटे बंद पडलेत. सराव म्हणून मंगलकडून सिरिंज दोनदा भरून घेतली. दिलं की तक्त्यावर खूण करायची, बजावून सांगितलं. धुळ्याहून तीनदा फोन. "आहे. चांगलं आहे." तिसऱ्या वेळी, "अहो, तुम्ही काटे बघा."
सं. ७.३०. वजन ११३.
काटा शून्य करून परत ठेवलं. ११३. शंभराचं पितळी वजन ठेवून पाहिलं, बरोबर १००. काटा टेबलावरून फरशीवर घेतला. ११३.
आबा हसले. "काटा बराबर शे रे. तूच चुकना."
तक्त्यावर एकही खूण नाही. पिशवीत बोटाला दाणे लागतात, अख्खे. मंगलने सकाळीच कूलर बंद करून खोकं त्याच्यावर ठेवलं होतं. दहा मिनिटांत आई उतरली म्हणे. दिवसात तीनदा येऊन भरवून गेली. कूलर चालू असला तर आवाजाने जवळ येत नाही.
म्हणजे आबा दिवसभर तसेच. अंगावर ओला पंचा. "माले काही व्हत नही."
जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, रवि.
हे सगळं खरं. पण जीव एका पाखराच्या भरवशावर कसा सोडायचा? कूलर बंद करून खोकं वर ठेवलं, पण दर दोन तासांनी आत आणून वजन केलं, आणि माझंही ३ मिली. आई ९ ला एकदा आली. नंतर मी गॅलरीत स्टूल टाकून बसलो. नाही आली.
दुपारी ३ ला आबांना चक्कर. कूलर लावला, मीठ-साखरेचं पाणी दिलं. तासाभराने बोलले. त्या तासाबद्दल लिहीत नाही.
मंगल म्हणाली, "एक तर तुम्ही करा, नाहीतर तिला करू द्या. दोघं मिळून मारू नका त्याला."
सं. वजन १०६.

१४ एप्रिल, सोम.
दुकान बंद ठेवलं. मंगल सकाळीच आबांना रिक्षाने माझ्या बहिणीकडे घेऊन गेली, तिच्याकडे कूलर आहे. आबा निघेचनात. मग दारातून म्हणाले, "जास मी. पन तू तठे बसू नको."
७.१० वजन १०१. चोचीला आंबट वास. पिशवी घट्ट. आईने काल दिलं ते कधीच जिरलं असणार, आत आहे ती माझीच डाळ.
कूलर बंद. खोकं वर.
९.४० नाही आली.
१०.१५ आली, कठड्यावर. मान वाकडी करून माझ्याकडे बघते. मी स्टुलावर, हातात भरलेली सिरिंज. उतरत नाही.
१०.३५ पिल्लाने बारीक आवाज दिला. ती दोन पावलं सरकली. मी जरा पुढे झुकलो, तर उडाली. समोरच्या गच्चीवर. मग पुन्हा कठड्यावर. काल दिवसभर हेच चाललं होतं, आणि मी लिहिलं "नाही आली".
सिरिंज मोरीत रिकामी केली. वही घेऊन आतल्या खोलीत आलोय, दार लोटलंय. इथून गॅलरी दिसत नाही.
११.०५ पंखांचा आवाज. एकदाच. खाली उतरली की निघून गेली, आवाजावरून सांगता येत नाही.
११.२० अजून उठलेलो नाही.