कोरी पट्टी

९ जानेवारी
शटरच्या वरची पट्टी अजून कोरीच! पांढरा रंग देऊन दोन महिने झाले. दुसऱ्यांच्या पाट्या रंगवणारीच्या दुकानाला पाटी नाही. समोरचा चावीवाला रोज दात काढतो – "ताई, लपूनछपून धंदा करता काय?" हसले. काय सांगणार?

मास्तरांकडची रीत आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्याने दुकान घातलं, की तिथली पहिली पाटी मास्तर स्वतः येऊन रंगवतात. माझ्याआधीच्या तिघांची रंगवली. मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसले. निघताना म्हणाले, "जा. बघू." तेव्हापासून रस्त्याकडे बघतेय.

१७ जानेवारी
दिवसभरात एक गिऱ्हाईक. दवाखान्याची पाटी, चार दिवसांत हवी. मी म्हटलं, बघते, अक्षरं कशी उतरतात त्यावर आहे. बाई निघून गेल्या. काय बोलून बसले मी!

१८ जानेवारी
कोणीच नाही. 'ळ' गिरवत बसले.

२५ जानेवारी
वहिनी आली. सोफ्यांच्या दुकानात दहा वर्षं विक्रीचं काम केलेली बाई. ते दुकान बंद पडलं म्हणून सध्या घरी. अर्धा तास माझं काम बघितलं आणि कपाळाला हात लावला. शिंप्याची पाटी मी तिसऱ्यांदा पुसत होते.
"का पुसतेस?"
दोन अक्षरांतलं अंतर चुकलंय.
"कोणाला दिसतंय?"
मला.
"पाटी तुला हवीय की शिंप्याला?"
थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण अंतर चुकलं होतंच!

२ फेब्रुवारी
वहिनी आता रोज येते. भिंतीवर नमुने टांगलेत. लोकांना तारीख देते आणि माझ्या डोक्यावर बसून ती पाळून घेते. दवाखान्याच्या बाईंनाही शोधून परत आणलं! चार पाट्या हातात आहेत. तिला एक रेघ सरळ ओढता येत नाही, आणि दुकान तिच्यामुळे चाललंय.

रंग कालवताना मास्तरांची फार आठवण आली. अक्षर बरं उतरलं की ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या एवढ्याशासाठी जीव टांगणीला लागायचा. आता अक्षर चांगलं उतरतं, आणि शेजारी कोणी नसतं.

११ फेब्रुवारी
भांडण. वहिनीने छापील पाटी मागवली – आमच्याच दुकानासाठी! मी आल्या पावली परत पाठवली.
"लोकांना दुकान सापडत नाही, दारावरून पुढे जातात. धंदा करायचाय की मास्तरांची वाट बघायचीय?"
दोन्ही, म्हटलं.
"त्यांना विचारलंस?"
असं विचारायचं असतं का? त्यांनी आपणहून यायचं असतं.
"म्हणजे नाही विचारलंस!"

मागच्या दाराशी जाऊन रडले. वय वर्षं एकेचाळीस. मी सोडून आले म्हणून ते रागावलेत, मला ठाऊक आहे. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा कोरी पट्टी बरी.

१२ फेब्रुवारी
अबोला. दोन पाट्या पूर्ण.

२० फेब्रुवारी
वहिनीला नोकरी लागली. पहिल्या तारखेपासून जाणार. आनंद झाला, खरंच झाला. पण गिऱ्हाइकांशी बोलणार कोण? आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं – "या, बसा, कधीपर्यंत हवी?" माझाच माझ्यावर विश्वास बसेना. दुकान आणखी तीन महिनेही टिकायचं नाही.

२४ फेब्रुवारी
वहिनी मला न सांगता मास्तरांकडे जाऊन आली. पाटी रंगवायला का येत नाही, असं सरळ विचारलं म्हणे. त्यांनी उजवा हात पुढे केला. थरथरत होता. वर्षभर ब्रश धरवत नाही. म्हणजे शेवटी शेवटी सगळं काम माझ्याकडे द्यायचे ते त्यासाठी! मला वाटायचं, कंटाळलेत. "तिला सांगू नका म्हणाले," वहिनी म्हणाली, "पण मी कुणाचं ऐकते?"

वहिनी पर्स आवरत होती. "मी म्हटलं, बोलता तर येतं ना? आमच्या काउंटरवर बसा. पहिल्या तारखेपासून येतायत. त्याआधी तेवढी पाटी रंगवून घे बाई – मास्तरांना दुकान सापडायला हवं."